कुमुदवहिनींचा चालू ज्वालामुखी

शारजात राहणाऱ्या बाईला ऐन जुलैत ज्वालामुखी बघायची हौस आलीय, ही बातमी आमच्या मराठी मंडळात पसरली तेव्हा निम्म्या लोकांनी कुमुदवहिनींच्या तब्येतीची चौकशी केली आणि उरलेल्या निम्म्यांनी अण्णासाहेबांच्या. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसतोय, नळाला गार पाणी म्हणून जे येतं त्यात चहा होईल, आणि ही बाई म्हणते, मला अजून काहीतरी तापलेलं दाखवा.

कुमुद वाडदेकर मूळच्या मिरजेच्या. लग्नानंतर तीनेक वर्षांनी, १९८० साली, त्या अण्णासाहेबांच्या मागोमाग शारजाला आल्या. अण्णासाहेब एसीच्या डक्टिंगची कॉन्ट्रॅक्टं घ्यायचे. दुबईच्या बिल्डिंगांत जी काही हवा खेळते ती आपल्या कृपेने, असं त्यांचं मत होतं आणि ते कुणी विचारायची वाट न बघता सांगत. घर मात्र शारजात, कारण भाडं कमी. सकाळी दुबईकडे जाणाऱ्या ट्रॅफिकमध्ये आणि संध्याकाळी तिथून येणाऱ्या ट्रॅफिकमध्ये, असा त्यांचा बराचसा संसार गाडीतच झाला.

वहिनी घरी एकट्या. पहिल्या दिवाळीला त्यांनी शेजारच्या दोन-चार घरांत चकली दिली. पुढच्या दिवाळीला लोक मागून नेऊ लागले, त्याच्या पुढच्या दिवाळीला भांडून. नव्वदच्या सुमाराला त्यांनी शारजाच्या रोल्ला बाजारात छोटं दुकान घेतलं: चकली, भाजणी, पुरणपोळी, कडबोळी. कढईवर कुडाळचा दत्ताराम. साइटवरच्या कामाला कंटाळून तो आला आणि वहिनींच्या हाताखाली टिकला, कारण तिथे निदान सावली होती. “हे दुकान मीच उभं करून दिलं,” असं अण्णासाहेब मंडळात सांगत. त्यांनी बसवून दिला होता तो एक्झॉस्ट पंखा. पहिलं वर्षभर तो उलटा फिरला आणि रस्त्यावरची धूळ इमानेइतबारे चकलीवर आणून टाकत राहिला.

बाकी वहिनींनी जग किती पाहिलं होतं? गल्फमधल्या माणसाची वार्षिक सुट्टी म्हणजे खोक्यांची वाहतूक. दुधाची पावडर, अत्तरं, बाम, बदाम, कुणाचा तरी मिक्सर. महिनाभर घरोघरी जेवायचं, अर्ध्या घरांत ‘सुटलीस गं’ आणि अर्ध्या घरांत ‘वाळलीस गं’ ऐकायचं, आणि रिकामी खोकी टाकून परत यायचं. बावीस वर्षांत वहिनींनी तीन ठिकाणं पाहिली होती: शारजा, मिरज आणि मुंबई विमानतळावरचं कस्टम.

दुकानात दुपारी शटर अर्धं खाली असायचं तेव्हा टीव्हीवर कसले कसले माहितीपट लागत. दत्ताराम डुलक्या काढायचा, वहिनी बघायच्या. त्यात एके दिवशी त्यांनी ज्वालामुखी पाहिला. माणसं त्याच्या कडेवर उभी राहून आत वाकून बघत होती. वहिनी कुणाला काही बोलल्या नाहीत. पण २००२ साली लग्नाचा पंचविसावा वाढदिवस जवळ आला आणि अण्णासाहेब जेवताना उदार झाले.

“कुमुद, यंदा गोल्ड सूकमध्ये एखादा सेट बघून ठेव. अडीच हजार दिरहमपर्यंत. म्हणजे आपले तीस-बत्तीस हजार झाले हां!”

“सेट आहेत. लॉकरमध्ये पडलेत. मला ज्वालामुखी बघायचाय.”

“टीव्हीवर?”

“समोर. चालू असलेला.”

अण्णासाहेबांनी आधी घास गिळला. “अगं, त्यात बघण्यासारखं काय असतं? धूर आणि उष्णता. ती इथे फुकट आहे.”

त्यांची मुलगी शर्वाणी तेव्हा कॉलेजात होती. ती ताटातून मान वर करून म्हणाली, “मॉम, दॅट इज सो कूल!”

“कूल नाही, तेच तर सांगतोय मी!” अण्णासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दत्तारामने आपलं मत दिलं. “वहिनी, आपली कढई काय कमी तापते? तिकीट काढून कोण आग बघायला जातं?”

“या कढईसमोर मी उभी असते. तिथे समोर कुणी उभं नसतं. तरी ती चालू असते. ते बघायचंय मला,” वहिनी म्हणाल्या. दत्तारामने मान डोलावली आणि मनातल्या मनात बहुतेक पुढच्या नोकरीचा विचार केला.

मिरजेला फोन करायचं काम अण्णासाहेबांकडे आलं. त्यांच्या आई, ठकुबाई, ऐंशीच्या घरातल्या. त्यांना कमी ऐकू यायचं आणि लाइन खराब. “आई, यंदा येत नाही! ज्वालामुखीला चाललोय!” अण्णासाहेब ओरडले. पलीकडून ठकुबाईंचा गहिवरलेला आवाज: “जा बाबा जा! एवढी लांब राहून सुनेला देवीची आठवण आहे!” उत्तरेतल्या ज्वालामुखी देवीला सून निघाली, असा त्यांचा समज झाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीचा झाला. ज्या नातेवाइकांनी यंदा बदाम येणार नाहीत म्हणून तोंडं वाकडी केली असती, त्यांनी दुबईला येणाऱ्या कुणाबरोबर तरी देवीची ओटी पाठवली. खण, नारळ, हळदकुंकू.

“खरं सांगून टाकू या,” अण्णासाहेब अस्वस्थ होऊन म्हणाले.

“तुम्ही सांगा,” वहिनी म्हणाल्या. अण्णासाहेबांनी अर्थातच सांगितलं नाही. नारळ शुक्रवारच्या सुट्टीच्या जेवणाच्या वाटणात गेला.

रोल्लात खैरुद्दीनचं ट्रॅव्हल एजन्सीचं ऑफिस होतं. भिंतभर बर्फाची पोस्टरं आणि आत एसी बंद. वहिनींनी येण्याचं कारण सांगितल्यावर तो हळहळला. “भाभीजी, व्होल्केनो क्यूं? स्वित्झर्लंड लीजिए. ऊपर बर्फ, नीचे इंडियन खाना. आपके मंडल की चार फॅमिली जाके आयी.” चार फॅमिली जाऊन आल्या होत्या हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, कारण चौघांनीही त्याच बर्फात तेच भाड्याचं जाकीट घालून काढलेले तेच फोटो आम्हाला चार वेगवेगळ्या संध्याकाळी दाखवले होते.

वहिनी हलल्या नाहीत तेव्हा त्याने तीन रंगीत पत्रकं काढली. पहिलं इटलीचं. आठ दिवसांत नऊ शहरं आणि बसच्या डाव्या खिडकीतून ज्वालामुखी. दुसऱ्यात ज्वालामुखी शेकडो वर्षांपूर्वी विझलेला, त्याच्या तोंडात तळं, तळ्यात हंसाच्या आकाराच्या होड्या. अण्णासाहेबांना हे एकदम पसंत पडलं. “बंद आहे, पण ज्वालामुखीच आहे ना? सेफ!”

“बंद पडलेलं बघायचं असेल तर तुमचं वर्कशॉप आहे की शुक्रवारी,” वहिनी म्हणाल्या.

तिसरं पत्रक जावा बेटावरच्या ब्रोमो डोंगराचं होतं. कागद साधा, छपाई फिकट. डोंगराजवळच्या खेड्यात मुक्काम, जीप, आणि पायऱ्या चढून थेट कडेपर्यंत. वहिनींनी ते पुढे ओढलं. रोल्लातल्या शेंगदाण्याच्या व्यापाऱ्यांशी दहा वर्षं व्यवहार केलेली बाई. पत्रकावरच्या फोटोला भुलण्यातली नव्हती.

“गाइड कोण? तिथलाच, की माइक घेऊन बसमध्ये बसणारा?”

“लोकल, भाभीजी.”

“त्याच्यामागे माणसं किती असणार? आणि तोंडापर्यंत नेणार की लांबून बोट दाखवणार? आणि त्या दिवशी डोंगराची तब्येत बरी नसेल तर?”

“तब्येत? इन्शाल्ला सब ठीक होगा.”

“हे इन्शाल्ला तुमचं की गाइडचं?”

खैरुद्दीनला आयुष्यात असे प्रश्न कुणी विचारले नव्हते. लोक हॉटेलात पोळी मिळेल का एवढंच विचारायचे. त्याने नाइलाजाने तिथूनच जावातल्या सुराबायाला फोन लावला. गाइड स्वतःच फोनवर आला. नाव अहमद. त्याचं इंग्रजी तुटक होतं पण म्हणणं पक्कं होतं: एका वेळी सहाच माणसं. डोंगर नको म्हणाला तर मीही नको म्हणणार. म्हणून एक दिवस जादा ठेवा.

“हाच,” वहिनी म्हणाल्या.

“पहिल्याच फोनला नाही म्हणणारा माणूस?” अण्णासाहेब चकित झाले.

“पंचवीस वर्षं ‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाबरोबर काढली. सरळ नाही म्हणणारा बरा.”

मग अण्णासाहेबांनी सेफ्टी हातात घेतली. साइटवरून दोन पिवळी हेल्मेटं आणली. त्यांवर ‘वाडदेकर डक्टिंग’ असं ठळक लिहिलेलं. सिमेंटच्या धुळीसाठी असतात ते कागदी मास्क डझनभर. स्वेटर मात्र एकही नाही. “ज्वालामुखीला स्वेटर?” असं म्हणून ते शर्वाणीकडे बघून हसले. शर्वाणीची परीक्षा होती, ती मैत्रिणीकडे राहणार होती. दुकान दत्तारामवर टाकून, ऑगस्टच्या सुरुवातीला, हे दोघं जकार्तामार्गे सुराबायाला पोहोचले.

तिथून जीपने वर. खेडं डोंगराच्या खांद्यावर, कोबी-बटाट्याच्या शेतांमध्ये. आणि थंडी अशी की शारजात तेवढी फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यात मिळते. पहिली संध्याकाळ अण्णासाहेबांनी घरमालकिणीची गुलाबी लोकरी शाल पांघरून, चुलीजवळ बसून, मिरजेच्या हवेचं कौतुक करत घालवली.

अहमद त्यांना तिथेच भेटला. चाळिशीचा, बुटका, सतत लवंगेच्या वासाची सिगारेट ओढणारा, आणि आपल्याच विनोदांना सगळ्यांत आधी हसणारा. त्याने विचारलं, पहाटे सूर्योदयाला जायचं का? सगळे जातात. जीपच्या रांगा लागतात, गर्दी असते. नाहीतर गर्दी उतरल्यावर सावकाश जाऊ.

“सूर्योदय पाहिजे! पत्रकात फोटो आहे,” अण्णासाहेब म्हणाले.

“सूर्य शारजात पुष्कळ दिसतो. मला डोंगर बघायचाय,” वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी न्याहारी करून ते निघाले. बरोबर एक ऑस्ट्रेलियन जोडपं आणि दोन जपानी मुली. डोंगराच्या पायथ्याशी काळ्या राखेचं मोठं मैदान आहे. जीप तिथवर, पुढे चालत किंवा घोड्यावर. वहिनी चालत निघाल्या. अण्णासाहेबांनी घोडा घेतला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, तोंडावर सिमेंटचा मास्क, अंगावर गुलाबी शाल. जपानी मुलींनी त्यांचे इतके फोटो काढले की ज्वालामुखीला रोल पुरला का, हे विचारायला हवं होतं. घोडा गरीब होता. पण अण्णासाहेबांनी त्याला मराठीत सूचना द्यायला सुरुवात केली आणि तो दुडक्या चालीने धावू लागला. पायऱ्यांपाशी उतरले तेव्हा ते घोड्याविषयी काहीही बोलले नाहीत आणि नंतर दोन दिवस नीट बसलेही नाहीत.

पायऱ्यांखाली अहमदने हात वर केला. थांबा. वारा फिरला होता. कड्यावरून पांढरा धूर निघून सरळ वर जायच्या ऐवजी पायऱ्यांवर ओघळत होता. आतून येणारी घरघर खालीही ऐकू येत होती. वर गेलेली माणसं तोंडाला रुमाल लावून भराभर उतरत होती.

आणि ज्या अण्णासाहेबांना मुळात यायचंच नव्हतं, ते भडकले. “थांबा म्हणजे? एवढ्या लांबून आलो, पैसे भरले, आणि थांबा? यल्ला, चला! हे माझं फील्ड आहे. ट्वेंटी इयर्स आय ॲम डुइंग एक्झॉस्ट! एक्झॉस्ट नेहमी वर जातो!”

अहमदने आदराने ऐकून घेतलं. “मिस्टर, द माउंटन नॉट स्टडी युवर कंपनी,” तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

अण्णासाहेब पायरीवर चढून, एक हात वर करून, हवेचा प्रवाह कसा असतो ते ऑस्ट्रेलियन जोडप्याला समजावू लागले. नेमका तेव्हाच धुराचा एक लोट खाली आला आणि त्यांना आपल्यात घेऊन गेला. ते बाहेर आले ते खोकत, डोळ्यांतून पाणी गाळत. कागदी मास्क दाढीला लोंबत होता. वहिनींनी पिशवीतून ओला पंचा काढून दिला आणि पाणी पाजलं. “बसा,” एवढंच म्हणाल्या. ते बसले, शहाण्यासारखे. घोड्यामुळे एका अंगावर.

बराच वेळ गेला. वहिनी राखेत चादर टाकून बसल्या होत्या. त्यांना घाई नव्हती. अहमद थांब म्हणतोय तोवर थांबायचं, हे त्यांनी शारजातूनच ठरवून आणलं होतं. मग वारा परत फिरला, धूर उभा राहिला, आणि अहमदने होकारार्थी मान हलवली. अण्णासाहेब म्हणाले, “तुम्ही जा. मी खालून ऑब्झर्व्ह करतो.”

पन्नाशीला टेकलेली, कढईसमोर उभी राहून गुडघे झिजलेली बाई. प्रत्येक वळणावर थांबत, कठड्याला धरत ती वर पोहोचली. वरचा कडा अरुंद. एका बाजूला राखेचं मैदान, दुसऱ्या बाजूला ते.

टीव्हीवरच्यासारखं लाल काहीच नव्हतं, असं वहिनी मला सांगत होत्या. करड्या भिंतींची खोल खोल विहीर आणि तळाशी एक भोक. त्यातून धूर. आणि आवाज. विमानाचा असतो तसा, पण जमिनीतून पायांत शिरणारा. तो थांबेल असं वाटायचं आणि थांबायचा नाही. सडक्या अंड्यासारखा, गंधकाचा वास. जपानी मुली फोटो काढून झाल्यावर पुढे सरकल्या. वहिनी खाली बसल्या. अहमद थोडं अंतर राखून, त्यांच्याकडे नजर ठेवून, सिगारेट न पेटवता उभा राहिला.

“काय वाटलं?” मी विचारलं होतं. वहिनी तेव्हा पुरण वाटत होत्या.

“इतकं मोठं काहीतरी उकळत होतं,” त्या म्हणाल्या, “आणि त्याखालचा गॅस बारीक करायला मला उठायचं नव्हतं. उतू गेलं असतं तरी कुणी मला हाक मारली नसती. मी नुसती बसले. रडू आलं जरा. धुरामुळे असेल.”

हा प्रसंग असाच संपला असता तर बरं झालं असतं. पण खाली उतरणाऱ्या कुणीतरी अण्णासाहेबांना सांगितलं की वर कड्यावर गणपतीची मूर्ती आहे. तिथे आसपासच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या हिंदू वस्ती आहे आणि मूर्ती खरंच आहे. झालं! तोपर्यंत तो ज्वालामुखी परदेशी होता, आता घरचा झाला. अण्णासाहेब घोडा, धूर, एक्झॉस्ट सगळं विसरून हेल्मेट सावरत वर आले. “कुमुद! अगं, आपला बाप्पा!” त्यांनी तिथेच मोठ्याने आरती धरली. आवाजाच्या बाबतीत ज्वालामुखी पहिल्यांदाच दुसऱ्या नंबरवर गेला. ऑस्ट्रेलियन जोडप्याने टाळ्या वाजवल्या. तिथल्या बायका डोंगरात टाकायला फुलांच्या जुड्या विकतात. अण्णासाहेबांनी एक जुडी घासाघीस करून घेतली आणि भक्तिभावाने आत फेकली. वाऱ्याने ती परत आणून त्यांच्या हेल्मेटवर आपटली.

“डोंगराला नको असेल,” वहिनी म्हणाल्या आणि हसत सुटल्या. अहमदही. मग अण्णासाहेबही, जरा उशिराने. ते तिघं त्या कड्यावर हसत बसलेत असा एक फोटो आहे. पंचवीस वर्षांच्या संसारातला तो दोघांचा एकमेव फोटो, ज्यात मागे नातेवाईक नाहीत.

परत आल्यावर ठकुबाईंचा फोन आला. “दर्शन झालं का गं?”

“झालं, आई. गणपतीचं झालं.”

“देवीच्या देवळात गणपती असतोच,” ठकुबाई समाधानाने म्हणाल्या.

मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात ‘मी आणि ज्वालामुखी’ या विषयावर अण्णासाहेबांचं स्लाइड्ससह व्याख्यान झालं. त्यात घोडा नव्हता, गुलाबी शाल नव्हती, आणि धुराचा लोट त्यांनी आधीच ओळखून सगळ्यांना मागे घेतलं होतं. वहिनी मागच्या रांगेत बसून ऐकत होत्या आणि योग्य जागी टाळ्या वाजवत होत्या.

दोन वर्षांनी, जूनमध्ये, तोच डोंगर अचानक उसळला. दोन माणसं गेली. बातमी लागली तेव्हा अण्णासाहेब सोफ्यातून उठले. “बघ! मी काय सांगत होतो!” ते काय सांगत होते ते कुणालाच आठवेना. वहिनींनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि खैरुद्दीनकडून अहमदचा नंबर मिळवला. अहमद खेड्यात होता, सुखरूप होता. डोंगर बंद केलाय म्हणाला. या वेळी विनोद केला नाही. त्या दिवशी वहिनींनी दुकान लवकर बंद केलं. पुढे कितीतरी दिवस मंडळातल्या बायका त्यांना विचारत, “बाई गं, तुम्ही गेला होतात तेव्हाच झालं असतं तर?” वहिनी म्हणत, “झालं असतं.”

शर्वाणी पुढे दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये एका कंपनीत लागली. तिने आपल्या पहिल्या रजेत आईला इटलीला नेलं. बसच्या डाव्या खिडकीतून नव्हे; तिथला गाइड आधी फोनवर तपासून. कुठला गाइड घ्यायचा हे ठरवायला मायलेकींना एक आठवडा लागला आणि त्या आठवड्यात घरात जेवायला रोज चकली होती.

अण्णासाहेब गेले नाहीत. ऑगस्टमध्ये एसीची कामं जोरात असतात, असं ते म्हणाले. त्या दिवसांत मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते स्वतःच चहा करत होते. दूध उतू गेलं होतं.

“तुम्ही नाही गेलात, अण्णासाहेब?”

“मी एक बघितलाय ना,” शेगडी पुसत ते म्हणाले. “एक बघितला की सगळे सारखेच असतात.”